शस्त्रक्रियेतील रक्तसंकलन-यंत्राचे गुणनियंत्रण

शस्त्रक्रियेत सांडणारे रक्त शोषून, गाळून, धुऊन त्याच रुग्णास परत देण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. यंत्रातील फिरत्या पात्रात जड तांबड्या पेशी बाहेरच्या कडेस साचतात, रक्तद्रव बाहेर पडतो, नंतर ०.९ टक्के क्षारद्रवाने पेशी धुतल्या जातात. यंत्र फिरले म्हणजे रक्त शुद्ध झाले, असा समज सहज होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सामान्यतः केवळ पेशीघनता, म्हणजे एकूण आकारमानातील पेशींचे शेकडा प्रमाण, मोजून समाधान मानले जाते. परंतु घनता पेशी किती दाटल्या एवढेच सांगते, त्या किती धुतल्या गेल्या हे सांगत नाही. क्षारद्रवाची नळी चुकून बंद राहिली तरी घनता उत्तम येऊ शकेल आणि हेपॅरिन व फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन मात्र रुग्णाच्या शरीरात जाईल. म्हणून आत गेलेल्या व बाहेर आलेल्या अशा दोन्ही नमुन्यांची तुलना अवश्य होय.

एक कल्पित उदाहरण घेऊ. संकलित रक्त १००० मिलिलिटर, घनता १५ टक्के. म्हणजे पेशी १५० मिलिलिटर व द्रव ८५० मिलिलिटर. द्रवात दर १०० मिलिलिटरला १ ग्रॅम अल्ब्युमिन धरल्यास एकूण ८.५ ग्रॅम होते. धुतल्यावर २०० मिलिलिटर रक्त ६० टक्के घनतेचे मिळाले, तर पेशी १२० मिलिलिटर, म्हणजे पुनःप्राप्ती ८० टक्के. उरलेल्या ८० मिलिलिटर द्रवात अल्ब्युमिनचे प्रमाण ०.२ ग्रॅम असेल, तर शेष ०.१६ ग्रॅम, अर्थात सुमारे ९८ टक्के निचरा झाला. पेशीनाश काढताना शंभरातून घनता वजा करून त्यास मुक्त हिमोग्लोबिनने गुणावे व एकूण हिमोग्लोबिनने भागावे. तो वाढलेला आढळल्यास प्रथम शोषणाचा दाब तपासावा; शक्यतो तो पाऱ्याच्या १५० मिलिमीटरांखाली ठेवतात. पात्र अर्धवट भरले असता घनता घटते, हेही ध्यानी असावे.

येथवरचे नियम सर्वत्र सारखेच. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुवा तालुक्यातील खापर या गावासारख्या ठिकाणाहून येणाऱ्या रुग्णाचा विचार करता एक निराळाच प्रश्न उभा राहतो. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचा जनुक आढळतो. अशा पेशी प्राणवायू कमी पडला, तापमान उतरले वा रक्त साचून राहिले की विळ्याचा आकार धारण करतात. आणि संकलनपात्रात नेमक्या ह्याच परिस्थिती संभवतात. येथे यंत्र निर्दोष असूनही त्यातून निघालेले रक्त सदोष ठरू शकते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णात ही पद्धती सामान्यतः टाळतात. केवळ वाहकाच्या बाबतीत लाभहानी तोलून निर्णय घ्यावा लागतो. विद्राव्यता-चाचणी रुग्ण व वाहक यांतील भेद सांगत नाही. त्यासाठी विद्युत्-संचरण किंवा तत्सम परीक्षा करावी लागते. ही परीक्षा शस्त्रक्रियेपूर्वी झाली पाहिजे, हे सांगणे नलगे.

उलट, जेथे अनुरूप रक्त दुर्मिळ, तेथे हीच पद्धती जीवदायी ठरते. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या व्यक्तीस त्याच गटाचे रक्त लागते. तिचे स्वतःचे रक्त वाया जाऊ न देणे किती मोलाचे, हे उघड आहे.

तात्पर्य, गुणनियंत्रण यंत्रापाशी सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. रुग्णाची पूर्वपरीक्षा, पिशवीवरील नाव व वेळ, सामान्य तापमानात चार तासांची मर्यादा, आणि नियमित नमुन्यांची नोंदवही ही सर्व त्याचीच अंगे होत. यांपैकी एक जरी निखळले, तरी उरलेल्या मोजमापांचा आधार रुग्णास पुरत नाही.