विळ्याच्या पेशी, मेंदूतले ठिपके

वैनगंगेकाठच्या पवनीतच काय, अख्ख्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द नवा नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, कधी मेंदूतल्यासुद्धा. मूल चालतं-बोलतं, पण अभ्यासात मागे पडतं. त्याला रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात उजळ ठिपके दिसू शकतात. हा मूक पक्षाघात.

एमआरआयच्या यंत्रात क्ष-किरण नसतात, चुंबक असतो. 

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, मूक पक्षाघात झालेल्या ज्या मुलांना नियमित रक्त दिलं, त्यांच्यात नवे आघात रक्त न दिलेल्या मुलांच्या निम्म्याहून कमी झाले.