महाविद्यालयीन समारंभांतील भाषणे आणि विनोद : रचना व औचित्य

प्रस्तावना

स्वागत, सत्कार व निरोप समारंभांत प्राध्यापकास बोलावेच लागते. भाषणाची टिपणे तो काढतो. विनोद मात्र ऐनवेळी सुचेल असे मानतो. परिणामी एखादा जुना चुटका सांगितला जातो अथवा समोरच्या सहकाऱ्याची थट्टा होते. विनोदही लिहून काढावा लागतो आणि लिहिताना त्याचा रोख कोणावर आहे हे तपासावे लागते, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

विनोदाची रचना

हास्य म्हणजे ताणलेल्या अपेक्षेचे एकाएकी शून्यात होणारे रूपांतर, अशी उपपत्ती इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये मांडली. म्हणून वक्त्याने प्रथम अपेक्षा निर्माण करावयाची व अखेरच्या शब्दांत ती मोडावयाची. उदा., “मी फक्त पाचच मिनिटे बोलणार आहे, असे म्हणणारा मी आजचा चौथा वक्ता आहे.” येथील कलाटणी ‘चौथा वक्ता’ या शब्दांत आहे. हेच वाक्य “आजचा चौथा वक्ता म्हणून मीही पाचच मिनिटे बोलणार, असे म्हणतो” असे फिरविल्यास माहिती तीच राहते, हसू मात्र येत नाही. मराठीचा पदक्रम लवचीक असल्याने कलाटणीचा शब्द शेवटाकडे नेता येतो. त्यानंतर क्षणभर थांबावे. स्पष्टीकरण देऊ नये.

विनोदाचा रोख

थॉमस हॉब्ज यांनी ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथात हास्याचा संबंध दुसऱ्याच्या उणिवेमुळे अकस्मात वाटणाऱ्या स्वतःच्या श्रेष्ठत्वाशी जोडला. कामाच्या ठिकाणी ही बाब अधिक गंभीर ठरते. कारण तेथील श्रोता हसण्यास वा न हसण्यास पूर्णतः मोकळा नसतो. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका निरोप समारंभात निवृत्त होणाऱ्या शिपायांच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करण्यात आली. सभागृह हसले; तेही हसले. सत्काराला उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी केवळ नमस्कार केला. लिहून आणलेला कागद त्यांनी उघडलाच नाही.

जात, बोली, शरीर वा लिंग यांवरील विनोद सर्वथा वर्ज्य होत. महिलांच्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक आशयाचे नकोसे शेरेही छळाच्या व्याख्येत येतात.

मग विनोद कशावर करावा? स्वतःवर आणि सर्वांच्या सामाईक अडचणींवर. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव स्वतःचीच फजिती सांगतात. म्हणून वाचक त्यांच्यासोबत हसतो. “नॅकच्या फायली शोधताना माझा दहा वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज सापडला, तो आता विचाराधीन आहे,” या वाक्यात कोणी एक व्यक्ती दुखावत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले असून स्मित व हसित ही उत्तम प्रकृतीची मानली आहेत. समारंभातील भाषणास तेवढे पुरेसे आहे.

निष्कर्ष

भाषणापूर्वी वक्त्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. कलाटणी शेवटी आली आहे काय? आणि ज्याच्यावर सभा हसणार आहे, त्याला त्याच मंचावरून तितक्याच मोकळेपणाने उत्तर देता येईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास तो विनोद, कितीही नेमका असला तरी, टिपणातून काढून टाकावा.