जुन्या बीटलचं क्लच पेडल ‘ढिलं’ का असावं लागतं? समजून घ्या आणि घरीच सेट करा

मामाकडे १९६८ ची फोक्सवॅगन बीटल आहे. गेल्या दिवाळीत आम्ही ती घेऊन आंबा घाट चढत होतो. अर्ध्या चढावर विचित्र प्रकार सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडीचा वेग मात्र कमीच होत जायचा. थोड्या वेळात जळका वास आला. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली आणि सरळ घरी परतलो.

नंतर कळलं की दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये ‘पेडल ढिलं लागतंय’ म्हणून क्लचची केबल ताणून दिली होती. पेडल मस्त कडक झालं होतं आणि तीच चूक होती! बीटलच्या क्लच पेडलमध्ये थोडी ढिलाई असायलाच हवी. ती का हवी, किती हवी आणि कशी सेट करायची, ते आज पाहूया.

पाय पुढे, क्लच मागे

बीटलचं इंजिन मागच्या बाजूला असतं. म्हणजे पेडल पुढे आणि क्लच पार मागे. या दोघांना जोडते एक स्टीलची केबल. ती गाडीच्या मधोमध असलेल्या बोगद्यातल्या एका बारीक नळीतून मागे जाते. पुढे तिचा डोळा पेडलच्या हुकमध्ये अडकवलेला असतो. मागे ती गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या लिव्हरला जोडलेली असते आणि तिथल्या आट्यांवर एक विंग नट असतो, फुलपाखरासारखे दोन कान असलेला. सगळं ॲडजस्टमेंट या एका नटवर चालतं. (आणखी जुन्या बीटलमध्ये विंग नटऐवजी दोन साधे नट असतात.)

पेडल दाबलं की लिव्हर फिरतो, रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटवर दाब देतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. पाय काढला की बेअरिंगने पूर्ण मागे यायला हवं. बेअरिंग आणि प्रेशर प्लेट यांच्यात उरणारी ही छोटीशी फट म्हणजेच पेडलची ढिलाई, अर्थात फ्री प्ले.

गेमपॅडच्या जॉयस्टिकला डेड झोन असतो ना? बोट नुसतं टेकलं म्हणून पात्र पळत सुटत नाही. हेही तसंच.

किती हवी?

बीटलसाठी पेडलवर १० ते २० मि.मी. पेडल पायाने नाही, हाताने दाबून बघा. सुरुवातीला ते अगदी हलकं जातं आणि मग एकदम जड लागतं. त्या हलक्या अंतराचं माप पट्टीने घ्या.

* ढिलाई कमी किंवा शून्य: बेअरिंग कायम टेकलेलं राहतं. क्लच पूर्ण पकडत नाही, चढावर घसरतो, प्लेट जळते आणि बेअरिंगही लवकर जातं. आमचं हेच झालं.
* ढिलाई जास्त: पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो, खासकरून रिव्हर्सला.

बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो

आपल्याला वाटतं, क्लच झिजला की पेडल ढिलं होत असेल. प्रत्यक्षात उलट होतं! प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची आतली टोकं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. मधली फट कमी होते, म्हणजे ढिलाई कमी होते. केबल ताणली गेली किंवा पेडलचा हुक झिजला, तर मात्र ढिलाई वाढते.

म्हणून काही न करता ढिलाई कमी होत चालली असेल, तर प्लेट झिजतेय. वाढत असेल, तर केबलकडे बघा. पट्टीने घेतलेलं एक माप एवढं सांगून जातं. दर वेळी ते फोनमध्ये तारखेसह लिहून ठेवा.

ॲडजस्टमेंट कशी करायची?

१. गाडी सपाट जागेवर लावा आणि पुढच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावा. बीटलचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग नाही.
२. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका.
३. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला लिव्हर आणि विंग नट शोधा. आट्यांवर तेल सोडून थोडा वेळ थांबा.
४. केबलचं टोक ग्रिप प्लायरने धरा, नाहीतर नटबरोबर केबलही पिळली जाते.
५. नट घट्ट केला की ढिलाई कमी होते, सैल केला की वाढते. थोडा फिरवा, पेडलवर माप घ्या, पुन्हा फिरवा. फार सैल सोडू नका. पुढचा डोळा हुकवरून निसटू शकतो.
६. शेवटी नटचे कान लिव्हरच्या खाचेत बसले पाहिजेत. नाहीतर नट आपोआप फिरतो.
७. पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून पुन्हा माप घ्या. मग गाडी खाली घेऊन इंजिन सुरू करा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न येता गिअर पडला म्हणजे काम झालं.

सेट करूनही त्रास होतोय?

*गाडी उठताना थरथरते:* केबल बोगद्यातून बाहेर आल्यावर एका लवचीक नळीतून जाते. तिला बोडन ट्यूब म्हणतात. तिला खाली साधारण २५ ते ४५ मि.मी. बाक हवा. नळी सरळ असेल, तर इंजिन हलताना केबलला झटके बसतात. नळीच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला वॉशर घालून बाक वाढवता येतो. त्यानंतर फ्री प्ले पुन्हा तपासा.

*केबल वारंवार तुटते किंवा ढिलाई रोज बदलते:* बोगद्यातल्या नळीचं वेल्डिंग सुटलं असण्याची शक्यता आहे. हे घरचं काम नाही. बोगदा कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागतं.

*नट आट्यांच्या टोकाला पोचला:* ॲडजस्टमेंट संपलं. पुढे फिरवायची जागा उरली नसेल तर केबल ताणली गेली आहे. उलट, पूर्ण सैल करूनही ढिलाई मिळत नसेल तर प्लेट बदलायची वेळ आली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण बीटलची क्लच प्लेट बदलायची तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. नट थोडा फिरवण्याचं काम टाळलं किंवा चुकीच्या दिशेने केलं, की गाडी थेट तिथे पोचते. आमची प्लेट थोडक्यात वाचली. विंग नट सैल करून १५ मि.मी. ढिलाई दिली, आणि पुढच्याच रविवारी बीटल तोच घाट न घसरता चढली. मामा अजून पेडल दाबून म्हणतो, “ढिलं लागतंय रे!” मी म्हणतो, “लागू दे.”

तुमच्याकडे बीटल नसेल, पण केबल क्लचची बाईक नक्की असेल. तिच्या लिव्हरलाही अशीच थोडी ढिलाई लागते. किती, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आज बाईक काढायच्या आधी एकदा मोजून बघा.