लहान अपारंपरिक सनदी शाळा : उद्घाटनापूर्वीची तयारी आणि मोजमापाचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये त्या देशातील पहिला 'चार्टर स्कूल' कायदा संमत केला. पुढील वर्षी, म्हणजे १९९२ मध्ये, सेंट पॉल शहरात 'सिटी अकॅडमी' ही या कायद्याखालील पहिली शाळा सुरू झाली. ती माध्यमिक शाळा होती, अतिशय लहान होती आणि नेहमीच्या शाळेतून गळती झालेल्या तरुणांसाठी होती. आज चाळीसहून अधिक राज्यांत अशा हजारो शाळा आहेत. त्यांपैकी बहुतेकींचे स्वरूप नेहमीच्या शाळांसारखेच असले, तरी शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांची, तासिका व घंटा यांना फाटा देणारी माध्यमिक शाळा हा मूळचा प्रवाह अद्याप टिकून आहे.

अशी शाळा उघडण्यापूर्वी कोणती तयारी करावी लागते आणि त्या तयारीत निर्णायक बाब कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शाळा जितकी वेगळी, तितके तिच्या यशाचे मोजमाप आधी ठरवून करारात लिहून घेणे आवश्यक ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

सनदी शाळा म्हणजे काय?

'चार्टर' म्हणजे सनद किंवा करारपत्र. म्हणून मराठीत 'सनदी शाळा' ही संज्ञा वापरता येईल. ही शाळा सार्वजनिक असते. तिला शुल्क आकारता येत नाही, प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडता येत नाहीत आणि अर्ज जागांपेक्षा अधिक आल्यास सामान्यतः सोडत काढावी लागते. तिचा खर्च विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात सरकारी निधीतून भागतो. मात्र तिचा कारभार स्थानिक शिक्षण मंडळाऐवजी स्वतंत्र संचालक मंडळ पाहते. सनद देणारी संस्था व शाळा यांच्यात ठराविक मुदतीचा, बहुधा तीन ते पाच वर्षांचा, करार होतो. मुदत संपताना करारातील उद्दिष्टे पूर्ण झाली की नाहीत हे पाहून नूतनीकरण होते किंवा शाळा बंद केली जाते.

आपल्याकडील अनुदानित खाजगी शाळेशी तिचे साम्य वरवरचे आहे. अनुदानित शाळेत व्यवस्थापन खाजगी आणि वेतन सरकारी असते. पण अभ्यासक्रम, पदसंख्या व सेवाशर्ती शासनाने ठरविलेल्या असतात. सनदी शाळेला यांपैकी अनेक बाबतींत मोकळीक मिळते आणि तिच्या बदल्यात फलिताची हमी द्यावी लागते. 'मोकळिकीच्या बदल्यात उत्तरदायित्व' हा या व्यवहाराचा पाया आहे.

तयारीचे वर्ष

सनद मिळणे आणि शाळा उघडणे यांच्यामध्ये बहुधा एका वर्षाचा अवधी असतो. १९९४ पासून केंद्र सरकारच्या सनदी शाळा कार्यक्रमातून प्रारंभिक खर्चासाठी अनुदान देण्याची तरतूद आहे. या वर्षात पुढील चार बाबी मार्गी लावाव्या लागतात.

१) विद्यार्थिसंख्या व अंदाजपत्रक : लहान शाळेचे सर्वांत दुबळे अंग हेच होय. समजा, शाळेने १२० विद्यार्थी गृहीत धरून खर्च आखला आणि प्रत्यक्षात १०० आले, तर विद्यार्थ्यांमागे मिळणारे उत्पन्न एक षष्ठांशाने घटते. इमारतीचे भाडे, हिशेबनीस, विमा आणि संगणक यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. दोन हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत वीस विद्यार्थ्यांची घट जाणवतही नाही. येथे तीच घट एका शिक्षकाची नोकरी घालवू शकते. म्हणून अनुभवी संस्थापक अपेक्षित, कमी आणि अत्यल्प अशा तीन संख्यांवर तीन अंदाजपत्रके तयार करतात आणि शाळा तिसऱ्या अंदाजपत्रकावरही तग धरेल याची खात्री करून घेतात.

२) जागा : नव्या शाळेला स्वतःची इमारत क्वचितच मिळते. क्रीडाकेंद्र, दुकानाचा गाळा, चर्चचे तळघर किंवा जुने कार्यालय अशा जागांत या शाळा सुरू होतात. मिनेसोटात भाड्यापोटी राज्याकडून साहाय्य मिळते. परंतु त्याला भाड्याच्या ९० टक्के व प्रतिविद्यार्थी ठराविक रक्कम अशी दुहेरी मर्यादा आहे. अग्निसुरक्षा व वापरबदलाची परवानगी वेळेत न मिळाल्यास उद्घाटनच लांबणीवर पडते, आणि वाट पाहून कंटाळलेले विद्यार्थी अन्यत्र जातात.

३) शिक्षक व विशेष शिक्षण : अशा शाळेत एक शिक्षक पंधरा-वीस विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक असतो आणि अनेक विषयांना हात घालतो, अध्यापनाचा परवाना मात्र विषयवार असतो. त्यामुळे कोणत्या विषयासाठी विशेष परवानगी घ्यावी लागेल, हे नियुक्तीपूर्वी ठरवावे लागते. तद्वतच, १९७५ च्या केंद्रीय कायद्यान्वये अपंगत्व असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शिक्षण योजना राबविणे बंधनकारक आहे. सनदी शाळेला या कायद्यातून सूट नाही. नेहमीच्या शाळेत न रमलेल्या मुलांत अशा गरजा असलेली मुले पुष्कळ असू शकतात. म्हणून विशेष शिक्षकाची नेमणूक पुढे ढकलणे ही बचत ठरत नाही.

४) श्रेयांक : अपारंपरिकतेची खरी कसोटी येथे लागते. अमेरिकी माध्यमिक शिक्षणात १९०६ पासून 'कार्नेगी एकक' रूढ आहे. एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास म्हणजे एक एकक. तासिकाच नसलेल्या शाळेने हे एकक कसे मोजावे?

हेंडरसनचे उदाहरण

या प्रश्नाचे स्वरूप एका घटनेवरून स्पष्ट होईल. मिनेसोटातील 'न्यू कंट्री स्कूल' ही १९९४ मध्ये सुरू झालेली सनदी शाळा. तेथे विद्यार्थी स्वतः निवडलेल्या प्रकल्पांतून शिकत, आणि शिक्षक 'एडव्हिजन्स' या सहकारी संस्थेच्या माध्यमातून शाळा चालवीत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये या शाळेचे विद्यार्थी हेंडरसन गावाजवळील एका शेताच्या परिसरात निसर्गनिरीक्षणास गेले असता त्यांना मागील पायांत व्यंग असलेले बेडूक मोठ्या संख्येने आढळले. ही बाब राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळविण्यात आली आणि उभयचरांतील व्यंगांचा प्रश्न देशभरातील संशोधकांच्या चर्चेचा विषय झाला.

एवढे मोलाचे काम गुणपत्रकात कोणत्या रकान्यात बसवावे? नमुने मोजणे हे गणित, व्यंगांची नोंद हे जीवशास्त्र, अहवाल हे भाषा आणि शासनाशी पत्रव्यवहार हे नागरिकशास्त्र असे म्हणता येईल. परंतु कोणत्या कामाला किती श्रेयांक द्यावयाचे, ते कोणी तपासावयाचे आणि पदवी महाविद्यालयाला ते कसे समजावून सांगावयाचे, याचे नियम शाळा उघडण्यापूर्वी लिहिलेले नसतील, तर प्रत्येक प्रकल्पावर नवा वाद होतो. शेवटी शाळा थकून तासिकांकडे परतते. किंबहुना, मोकळीक टिकविण्यासाठीच नियम आधी लिहावे लागतात.

मोजमापाचा प्रश्न

याहून गंभीर प्रश्न शाळेच्या स्वतःच्या मूल्यमापनाचा आहे. २००८ च्या केंद्रीय नियमाने माध्यमिक शाळांसाठी चार वर्षांच्या गटावर आधारित उत्तीर्णतेचे प्रमाण मोजणे सुरू झाले, आणि २०१५ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले. नववीत प्रवेश केलेला विद्यार्थी चार वर्षांत पदविका घेऊन बाहेर पडला, तरच तो यशस्वी गणला जातो. ज्या शाळेत एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असे उत्तीर्ण होत नाहीत, ती सुधारणा आवश्यक असलेल्या शाळांच्या यादीत येऊ शकते.

आता एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. त्याने दोन वर्षे नेहमीच्या शाळेत काढली, पण एकाच वर्षाचे श्रेयांक मिळविले. नंतर तो लहान सनदी शाळेत आला. तेथे तो नियमित येऊ लागला आणि उरलेला तीन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत पूर्ण करून त्याने पदविका घेतली. शिक्षकाच्या दृष्टीने हे यश आहे. चार वर्षांच्या मोजपट्टीवर मात्र तो अनुत्तीर्ण, आणि त्याचे अपयश नव्या शाळेच्या नावावर जमा होते. अशा विद्यार्थ्यांना दार उघडणारी शाळा जितकी प्रामाणिक, तितकी ती कागदावर वाईट दिसते. करारात दुसरे माप नसेल, तर ती बंद होते आणि तिचे विद्यार्थी दुसऱ्यांदा शाळेबाहेर फेकले जातात.

उपाय उपलब्ध आहे. पाच किंवा सहा वर्षांचे प्रमाण जोडीने मोजण्याची मुभा कायद्याने राज्यांना दिली आहे. कोलोरॅडो व टेक्सास या राज्यांनी पर्यायी शाळांसाठी मूल्यमापनाची वेगळी चौकट केली आहे. करारातही विद्यार्थ्याची आधीची व नंतरची उपस्थिती, दरवर्षी मिळविलेले श्रेयांक, वर्षारंभी व वर्षअखेरीस वाचन-गणितातील प्रगती आणि पुढील वर्षी शाळेत टिकून राहण्याचे प्रमाण ही मापे घालता येतात. मात्र त्यासाठी आरंभीची नोंद हवी. प्रवेश घेतानाच जुन्या शाळेकडून उपस्थिती व श्रेयांकांचे अभिलेख मागविले नाहीत, तर झालेली प्रगती तीन वर्षांनी सिद्ध करता येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वेगळे माप म्हणजे सोपे माप नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'क्रेडो' संस्थेच्या २००९ मधील अभ्यासात केवळ १७ टक्के सनदी शाळांची गणितातील कामगिरी तुलनीय सार्वजनिक शाळांपेक्षा सरस आढळली, तर ३७ टक्के शाळांची निकृष्ट. त्याच संस्थेच्या २०२३ मधील अहवालात चित्र सुधारलेले दिसते. तरीही सनद हाती असणे हे गुणवत्तेचे प्रमाण नाही, हा धडा कायम राहतो. वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्याला उपस्थितीच्या आकड्याआड लपविणारा करार त्याचे नुकसानच करतो.

समारोप

लहान अपारंपरिक शाळेची कल्पना शिक्षकांच्या उत्साहातून जन्मते. ती टिकते ती तयारीच्या वर्षात लिहिलेल्या कागदांमुळे. या कामी महाविद्यालयीन प्राध्यापकांचा संबंध दुहेरी आहे. मिनेसोटा, मिशिगन आदी राज्यांत उच्च शिक्षण संस्था स्वतः सनद देऊ शकतात. तेथे कराराची मापे ठरविण्यात त्यांचा थेट वाटा असतो. शिवाय या शाळांतून येणारी प्रकल्पाधारित गुणपत्रके वाचून प्रवेशाचा निर्णय घेणारेही तेच असतात. बेडकांच्या नोंदवहीत दडलेले जीवशास्त्र ओळखण्याची त्यांची तयारी नसेल, तर शाळेने केलेली सर्व तयारी महाविद्यालयाच्या दाराशी येऊन थांबेल.