छोटी केस घेताय? आधी टेप काढा

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड म्हणजे जेमतेम १७० मिमी बाय १७० मिमीचा चौकोन, आणि त्यावर पीसीआयई स्लॉट बहुधा एकच. केस घेताना सगळे लिटर विचारतात. सात लिटरची की अठरा? पण कार्ड बसणार की नाही, हे लिटरवर ठरत नाही.

लांबी तर सगळेच बघतात. फसवते ती जाडी. एका स्लॉटची जागा साधारण २० मिमी; 'अडीच स्लॉट'चं ग्राफिक्स कार्ड म्हणजे ५० मिमीच्या आसपास. दोन स्लॉटच्या केसमध्ये ते जाणार नाही, कितीही दाबा!

तिसरं माप कार्डाच्या उंचीचं. पॉवरची केबल बऱ्याच कार्डांत वरच्या कडेला लागते आणि वळायला तिलाही जागा हवी. माझं पहिलं कार्ड आत छान बसलं, पण बाजूचं झाकण बोटभर उघडंच राहिलं. महिनाभर तसंच चालवलं, काय करता!

नेटवर्क किंवा कॅप्चर कार्ड लावायचं असेल तर मागची पट्टी बघा. पूर्ण उंचीची सुमारे १२० मिमी, लो-प्रोफाइल सुमारे ८० मिमी. चपट्या केसला दुसरीच लागते. खोक्यात दोन्ही पट्ट्या आहेत का, हे दुकानातच उघडून पाहा.

आणि केसमध्ये रायझर केबल असेल तर ती पीसीआयईच्या कोणत्या पिढीची, तेही विचारा. जुन्या केबलवर नवं कार्ड लावलं आणि स्क्रीन काळी राहिली, तर बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर आणून बघा.