वाघाचे पट्टे कोणी ओढायचे?

वाढदिवसाचं आमंत्रण हल्ली फोनवर येतं आणि त्यात तक्रार करण्यासारखं फारसं काही नसतं. हिरव्यागार पानांतून डोकावणारे सिंह, जिराफ, झेब्रा आणि हत्ती, मधल्या गोलात उत्सवमूर्तीचा फोटो, खाली वेळ, हॉलचं नाव, नकाशाची लिंक. एकदा बनवायचं, वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं, झालं. असं असूनही काही घरांत वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली जातात, कात्री, तेलखडू, फेव्हिकॉल बाहेर निघतं आणि प्राण्यांची आमंत्रणं हातानं करायला घेतली जातात. कशाला हा खटाटोप, असं विचारलं तर तीन उत्तरं ठरलेली असतात: कल्पनाशक्तीला वाव मिळतो, पैसे वाचतात, आठवण राहते. तिन्ही लंगडी आहेत. फुकटात मिळणाऱ्या आमंत्रणापुढे कार्डशीट आणि रंगांचा खर्च ही बचत कशी म्हणायची? कल्पनाशक्ती पहिल्या तीन कार्डांत संपते, पुढे उरतं ते निव्वळ काम. आठवणीचं म्हणाल, तर पाहुण्याच्या घरी ते कार्ड चार दिवस फ्रिजवर मिरवतं आणि मग रद्दीत जातं. तरीही हा उद्योग करण्याजोगा आहे. फोनवरचं बोलावणं सगळ्यांना मिळून एकच असतं. हाताचं बोलावणं मात्र ज्याचं त्याला वेगळं करावं लागतं. ‘माझे सगळे फ्रेंड्स’ या गठ्ठ्यातून एकेक माणूस बाजूला काढून क्षणभर फक्त त्याचा विचार करायचा, ही सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं मोठीच मजल आहे. अर्थात हे काम मुलानं स्वतः केलं तरच. आईबाबांनी केलेली देखणी कार्डं आणि फोनवरचा सिंह यांत मला फारसा फरक दिसत नाही.

पुण्यातल्या एका घरातल्या जेवणाच्या टेबलावरचा कारखाना घ्या. मालकीणबाई सहा वर्षांच्या, आणि आईनं सुरुवातीलाच बजावलेला आकडा २४. हा आकडा संध्याकाळभर पुन्हा पुन्हा ऐकू येतो: एका हत्तीला सोंड, कान, शेपूट, नखं असं सगळं साग्रसंगीत चालू झालं की आई म्हणते, “२४ करायचेत, लक्षात आहे ना?” कागदाचं गणित सोपं आहे. ए-फोर कागदाचे चार भाग केले की पोस्टकार्डाएवढं कार्ड मिळतं, म्हणजे सहा कागदांत काम भागतं. पण कागदाहून चांगला माल बहुतेक मराठी घरांत आधीच साठलेला असतो, तो म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत, कधी सोनेरी कडेच्या, आणि आतली एक बाजू बऱ्याचदा कोरी. अडचण एकच, वरच्या कोपऱ्यातला गणपती. त्याच्यावरून कात्री फिरवायला हात धजत नाही, म्हणून तेवढा तुकडा आधी कापून देवघराजवळच्या डबीत जातो, आणि मग उरलेल्या पुठ्ठ्यावर हत्ती काढायला सगळे मोकळे. डोळ्यांसाठी काळ्या टिकल्यांचं पाकीट आलेलं आहे. टिकलीला मागून गोंद असतोच, त्यामुळे सहा वर्षांच्या बोटांनाही ती जमते. फेव्हिकॉलचं तसं नाही. तो मुलांच्या हाती गेला की सढळ पडतो, पाण्यातला गोंद असल्यानं कागद फुगतो, आणि वाळताना कार्ड होडीसारखं वळतं. मग अशी कार्डं एकावर एक रचून वर पोळपाट ठेवतात. सिंहाच्या आयाळीची लोकर त्यात चपटी होते, ती होऊ द्यावी.

प्राणी हाच विषय या कामाला इतका जुळतो, कारण प्राणी वाईट चित्र सोसतो. माणसाचा चेहरा थोडा बिघडला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. प्राण्याला एक खूण पुरते. कान आणि सोंड आली की हत्ती झाला, मग त्याला पाय तीन असोत की पाच. लांब कान आणि मागे कापसाचा बोळा एवढ्यावर ससा उभा राहतो. जिराफाची मान पोस्टकार्डात मावत नाही. या टेबलावर ती कार्डाच्या वरच्या कडेला थांबली आणि डोकं मागच्या बाजूला निघालं. मोठ्या माणसाला हे सुचलं नसतं, त्यानं मुकाट्यानं लहान जिराफ काढला असता. वाघाचं तर आणखी निराळं. नारिंगी रंगावर काळे पट्टे ओढले की वाघ, पण पट्टे दर वेळी वेगळे पडतात, आणि खऱ्या वाघाचंही नेमकं तसंच आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एवढंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही जुळत नाही. म्हणून जंगलात कॅमेरे लावताना वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात आणि फोटोंतल्या पट्ट्यांवरून कोणता वाघ कोणता ते ठरवतात. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रातल्या वाघांचा अंदाज ४४४ निघाला, त्यामागे अशी पट्ट्यांची ओळखपरेड आहे. छापलेल्या आमंत्रणातला वाघ मात्र शंभर घरी गेला तरी तोच एक वाघ असतो. टेबलावर चौथ्या वाघाला सात पट्टे आहेत आणि नवव्याला तीन. नववा वाघ कंटाळ्याचा आहे, हे उघड दिसतं. याच ठिकाणी मोठ्यांचा हात पुढे येतो: “आण इकडे, मी पटकन करते.” २४चा आकडा डोळ्यांसमोर असतो, स्वयंपाक व्हायचा असतो, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांना पट्टे ओढायला आवडतातही. पण तीन पट्ट्यांचा वाघ हाच या सगळ्या उद्योगातला सर्वांत खरा माल आहे. कंटाळा आल्यावरही त्या नवव्या मित्राचं कार्ड पुरं झालं, एवढं त्यावरून कळतं आणि तेवढं पुरे.

कोणाला कोणता प्राणी द्यायचा, ही या कामातली सर्वांत नाजूक वाटाघाट. इथे मुलं इतकी बारकाईनं बोलतात की ऐकणाऱ्यानं कान टवकारावेत. अमक्याला कासव, कारण तो डबा सगळ्यांत शेवटी संपवतो. तमकीला पोपट, आणि त्याचं कारण सांगायची गरजच नाही. एकाला चित्ता हवाय हे माहीत आहे, पण तो धावण्यात दुसरा येतो, पहिला नाही, त्यामुळे चित्ता कोणाचा यावर बराच वेळ जातो. आपल्या बोलण्यात निम्मे प्राणी शिव्यांच्या कामाला जुंपलेले आहेत, त्यामुळे गाढव, बैल, घुबड, डुक्कर ही मंडळी कितीही गोड काढली तरी ज्याच्या नावानं जातील त्याच्या घरी गहजब होणार. मुलाला हे ठाऊक नसतं असं समजू नये. गाढव कुणाला द्यायचं हे त्यानं मनात कधीच ठरवलेलं असतं, आणि मोठ्यांनी मधे पडावं असा प्रसंग असेल तर तो हा एकच. एरवी वाटप मुलाचं मुलाला करू द्यावं. ‘तो कासव’ म्हणताना ती डब्याच्या सुट्टीतला तो मुलगा डोळ्यांसमोर आणते, आणि ग्रुपवर टाकलेल्या आमंत्रणात नेमकं हेच कधी होत नाही.

जाता जाता ‘जंगल थीम’बद्दल. दुकानात मिळणाऱ्या सजावटीत जिराफ आणि झेब्रा हटकून असतात, आणि रानात ते आफ्रिकेबाहेर कुठे नाहीत. सिंह आपल्या देशात आहे, पण गुजरातेत. आपला राज्यप्राणी शेकरू, ज्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं, तो मात्र वाढदिवसाच्या कागदी ताटलीवर कधी सापडणार नाही. यावरून अस्मितेचा झेंडा उभारायचा नाही; मुलाला जिराफ आवडतो, त्याला तो मिळावा. पण हातानं काम सुरू झालं की छापील यादी आपोआप सैल होते. दहाव्या कार्डानंतर जंगल संपतं आणि पाहिलेले प्राणी यायला लागतात: सोसायटीतला कुत्रा, खिडकीतला कावळा, आणि एक पाल. पालीचं आमंत्रण द्यायला आजी ठाम नकार देते. ती पाल, माझ्या मते, त्या गठ्ठ्यातलं उत्तम चित्र होती.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार: हे सगळं शेवटी आईच्या गळ्यात पडतं. मुलानं अर्धं सोडलेलं रात्री अकरा वाजता तीच पुरं करते, आणि कौतुक मात्र ‘मुलानं केलंय हो’ असं होतं. हे खोटं नाही. पण बाईचं काम नेमकं कुठे वाढतं ते बघावं. ते वाढतं चकाकीत: कातरलेल्या झालरी, सॅटिनच्या फिती, हलते डोळे, एकसारखी अक्षरं. इतरांच्या फोनवर फोटो जाणार या धास्तीनं कार्ड मोठ्यांचं होतं, आणि ते मोठ्यांचं झालं की रात्रीचे अकरा वाजणारच. आपल्याकडे याचा विचार कधी झालाच नाही, असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात पानं, बिया, दगड, शंख अशा आसपासच्या साध्या वस्तूच मुलांच्या हाती होत्या, आणि मुलाला जमेल ते मुलानंच करायचं ही त्यामागची धारणा होती. तोच मापदंड इथे लावला तर कामाची वाटणी सरळ होते. कागद कापणं, दिवस, वेळ आणि पत्ता बिनचूक लिहिणं हे मोठ्यांचं. चित्र आणि पाहुण्याचं नाव मुलाचं. नावाचं काम चित्राहून कठीण असतं, हे टेबलाजवळ बसल्याशिवाय कळत नाही. हल्लीच्या नावांत जोडाक्षरांची रेलचेल आहे; ‘शौर्य’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘श्रावणी’तला श्र तीनदा खोडला जातो, आणि ‘ज्ञानदा’ या मैत्रिणीला शेवटी सर्वांत मोठा हत्ती देऊन भरपाई केली जाते. खोडलेलं तसंच जाऊ द्यावं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: कार्ड दप्तराच्या तळाशी जातं, पालकांना कळतच नाही, मग मेसेज पाठवावाच लागतो. तर पाठवावा की. मेसेज पालकांसाठी, कार्ड मुलासाठी. दोघांची कामं वेगळी आहेत. ‘हीच पत्रिका समजून अगत्य येण्याचे करावे’ असं लिहून, प्रत्यक्ष घरी जाता न आल्याची भरपाई आपण पूर्वीही करतच होतो. त्याच लग्नपत्रिकांच्या तळाशी बोबड्या भाषेत ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ अशी ओळ आणि खाली घरातल्या बच्चेकंपनीची नावं असायची, अजूनही असतात. ती ओळ एकाही मुलानं कधी लिहिली नाही, ती छापखान्यात तयारच असे. तीच पत्रिका उलटून तिच्या पाठीवर एखादं मूल खरोखरचं ‘ये’ लिहितं, तेव्हा हिशेब थोडा फिटतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. वर्गात ४० मुलं आणि कार्डं २४. फोनवरचं आमंत्रण निदान गुपचूप जातं. कार्ड मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत हातात पडतं आणि १६ जण बघत राहतात. पण गुपचूप गेलेलं आमंत्रण पालकांपुरतंच गुपचूप असतं. वाढदिवसानंतर वर्ग भरला की कोणाला कोणतं रिटर्न गिफ्ट मिळालं हे ४०ही मुलांना कळतं. तेव्हा वगळण्याचा दोष कार्डाचा नाही, यादीचा आहे, आणि यादी करणारे बहुधा हॉलचा आणि ताटांचा हिशेब घालणारे मोठेच असतात. कार्डामुळे तो हिशेब मुलासमोर येतो, एवढंच. त्यावर करता येण्यासारख्या गोष्टी दोन. कार्डं वर्गात न वाटता संध्याकाळी घरोघरी जाऊन द्यावीत. नाहीतर सरळ ४० करावीत, आणि मग वाघ-जिराफांचा नाद सोडून अंगठ्याच्या ठशांवर यावं: शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, कार्डावर उमटवायचा, चार काड्या काढल्या की उंदीर, दोन कान वाढवले की मांजर, पाठीवर काटे आले की साळिंदर. ४० ठसे सहा वर्षांचं मूल एका बैठकीत उमटवू शकतं. नावं लिहायला मात्र दोन संध्याकाळी धराव्यात, आणि शाई पाण्यानं जाणारीच घ्यावी, कारण पहिले पाचसहा उंदीर भिंतीवर निघतात.