माहेरच्या खोलीतून दिसलेला संसार

पुणे जिल्ह्यातल्या बावड्याकडे लेक अवेळी माहेरी आली, की शेजारीण आधी विचारते, "किती दिवस मुक्काम?" विस्कटलेल्या संसाराकडे मराठी नाटकाने कसं पाहिलं, याचा मागोवा घेताना मला हाच प्रश्न वाट दाखवतो.

'एकच प्याला' १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात रंगमंचावर आणलं. नाटककार राम गणेश गडकरी ते पाहायला नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचं निधन झालं होतं. भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व नायिका सिंधू म्हणून ठिगळांचं लुगडं नेसले. तिचा नवरा सुधाकर याच्या दारूने घराचं काय केलं, ते कुणी बोलण्याआधीच त्या लुगड्यात दिसत होतं. भाऊ माहेरी चल म्हणतो, सिंधू जात नाही. मरणाच्या दारातही फौजदारासमोर ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. त्याच नाटकात सुधाकरच्या दारूतल्या सोबत्याची, तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, पण तिच्या वाट्याला हशा येतो आणि सोसणाऱ्या सिंधूच्या वाट्याला अश्रू. ही वाटणी मला आजही खुपते.

पुढे विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये (१९७२) नवऱ्यांपासून तुटलेल्या लक्ष्मी आणि चंपा सखारामच्या दारात येतात, कारण परतावं असं घरच त्यांना उरलेलं नाही.

'कन्यादान'मध्ये (१९८३) तेंडुलकरांनी ज्योती आणि तिचा नवरा अरुण यांचं घर दाखवलंच नाही. मारहाण पडद्याआड होते; समोर असतो तो ज्योतीच्या समाजवादी वडिलांचा, नाथ देवळालीकरांचा दिवाणखाना. लेकीचा संसार आईबापांना कळतो तसा, तुकड्यातुकड्यानेच आपल्याला कळतो. अरुण या दलित कवीच्या चित्रणावर टीका झाली, आणि ती बाजूला सारण्याजोगी नाही. शेवटी ज्योती नवऱ्याला नव्हे, बापाला जाब विचारते आणि परत सासरी जाते.

मग १९९१ साली प्रशांत दळवींचं 'चारचौघी' आलं, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं. घर पुन्हा माहेरचंच, आईचं. प्राध्यापक विद्या नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाबद्दल कळल्यावर तिथे आली आहे आणि त्याच्याशी फोनवर बोलते. विद्या झालेल्या वंदना गुप्ते यांचा हा प्रवेश गाजला. नवऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तो काय म्हणाला असेल ते तिच्या थांबण्यातून, मध्येच चढलेल्या सुरातून, तोडलेल्या वाक्यातून ओळखायचं. वर्षानुवर्षं त्याचं ऐकत आलेल्या बाईला नाटककाराने सगळा प्रवेश देऊन टाकला, आणि उत्तरं न ऐकताही प्रेक्षकाला तो माणूस पुरता कळतो. संसार मोडल्याचं इतकं नेमकं चित्र मी मराठी रंगभूमीवर दुसरं पाहिलेलं नाही.

२०२२ साली नाटक नव्या संचात आलं. मुक्ता बर्वे यांनी विद्या केली. तीस वर्षांनीही तो फोन जुना वाटला नाही. बावड्याच्या माणसाला नाटक पाहायला बारामतीचं गदिमा सभागृह गाठता येतं. तिथे असा प्रयोग लागला, तर मुक्कामाचे दिवस मोजणाऱ्या शेजारणींनी लेकींना बरोबर घेऊन जावं, असं मला मनापासून वाटतं.